हुरड्याच्या आगटीभोवती मुल्काची परीक्षा

आमच्या झरीच्या शाळेची त्या दिवशी तपासणी होती. निजामाचं राज्य... साल विचारू नका, पण लढाई चालू होती आणि थंडी मरणाची होती एवढं पक्कं आठवतं. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. (आता नव्वदी ओलांडलीय. नात टाइप करतेय आणि मधेच फिदीफिदी हसतेय.)

शाळा गावाला एका वर्षाच्या बोलीवर मिळाली होती. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षण खात्याचे, साहेब येणार, पोरांना प्रश्न विचारणार आणि मग शाळा कायम करायची की बंद, ते ठरणार. बंद झाली असती तर मुलं परभणीला गेली असती. आम्ही तिघी मुली मात्र घरी बसलो असतो... हे मला कुणी समोर बसवून सांगितलं नव्हतं, पण आई-आबांच्या बोलण्यावरून चांगलंच कळलं होतं.

आमचे मास्तर फार गरीब स्वभावाचे. त्यांना कुणीतरी सांगितलं की हे साहेब 'मुल्काची ओळख' विचारतात. म्हणजे आपली राजधानी कोणती, नद्या कोणत्या, पिकतं काय, रेल्वे आणि नाणं आपलं स्वतःचं कसं... आणि सगळ्यात महत्त्वाचं, समुद्रापलीकडचं इंग्लंड आपलं कोण लागतं. सगळं उर्दूत!

उर्दू आम्हाला यायची बेताचीच. मग मास्तरांनी युक्ती काढली. साहेब पुस्तकातल्या क्रमाने विचारतात आणि पहिल्यापासून एकेकाला उठवतात, हे त्यांना कळलं होतं. त्याच क्रमाने आम्हाला बसवून त्यांनी प्रत्येकाला एकेक उत्तर पाठ करायला दिलं.

मी ओळीत शेवटची, म्हणून माझ्या वाट्याला इंग्लंड. 'आला हजरत सल्तनत-ए-बर्तानिया के यार-ए-वफादार हैं.' म्हणजे आमचे निजाम इंग्रज सरकारचे एकनिष्ठ मित्र. महिनाभर मी अंगण सारवतानासुद्धा तेच पुटपुटत होते. आई म्हणायची, "येडी झाली का गं?"

साहेब आले. शेरवानी, उंच टोपी, मोठा रुबाब. पण दिवस हुरड्याचे... आणि या दिवसांत आलेला पाहुणा हुरडा न खाता गेला म्हणजे गावाची अब्रूच गेली की! आबा पुढे झाले, हात जोडले. "साहेब, आधी हुरडा. मग काय इचारायचं ते इचारा."

साहेबही हौशी निघाले. म्हणाले, "चलो, इम्तहान भी वहीच लेंगे." झालं. अख्खी शाळा आमच्या शेतात.

आगटी पेटली, कणसं भाजायला लागली आणि आम्ही बावीस पोरं भोवती गोल करून बसलो... जिथं धूर कमी तिथं! मास्तरांचा चेहरा तेव्हाच पांढरा पडला होता. आम्हाला त्याचं काय? आमचं लक्ष गुळाकडे.

साहेबांनी दाणे चघळत पहिल्या पोराला विचारलं, राजधानी? तो ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कपास और ज्वार!" दुसऱ्याला विचारलं, मोठ्या नद्या? "रेलगाडी!" इंग्लंड आपलं कोण, यावर माझ्या चुलतभावाने छाती फुगवून सांगितलं, "गोदावरी!" हुरडा चोळणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मास्तर मात्र रडकुंडीला आले होते.

मला राहवेना. आपली शाळा हातची चाललीय आणि मी गप्प बसू? उठले आणि सांगून टाकलं, "साहेब, आमी जागेवर बसून पाठ केलंय. हितं जागा बदलल्यात. आमाला येतंय सगळं."

साहेबांच्या हातातलं कणीस हातातच राहिलं. मग म्हणाले, "तो फिर अपनी अपनी जगह बैठो ना!" डोळ्यांत धूर जात होता, पण आम्ही निमूट ओळीत बसलो आणि धडाधड बरोबर उत्तरं दिली. माझा यार-ए-वफादारही एका दमात झाला.

वाटलं, सुटलो. तर साहेबांनी मोडक्या मराठीत मलाच विचारलं, "यार म्हंजे काय, ते सांग."

हे काही पाठ केलेलं नव्हतं. जे माहीत होतं ते सांगितलं. "सावडीचा माणूस, साहेब. आमी बैल घिऊन त्याच्या शेतात जातो, मग तो आमच्या शेतात येतो." तिथंच थांबायचं ना! पण माझी जीभ... "आपली माणसं त्यांच्या लढाईला गेलीत. मग इंग्लंडचा राजा आपल्याकडं सावडीला कवा येणार?"

आबा माझ्याकडे बघेचनात. त्या काळात राज्याच्या दोस्तीबद्दल असं बोलणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मला वाटलं, मीच शाळा घालवली की काय?

आणि साहेब हसायला लागले. इतके की त्यांना ठसका लागला, आबांनी पाणी दिलं. डोळे पुसत म्हणाले, "बेटी, ये सवाल तो हमकू भी पूछना है!" (राजा काही आला नाही. पुढे इंग्रज गेले, निजामाचं राज्यही गेलं. ज्वारी आमची आम्हीच काढली.)

जाण्याआधी त्यांनी शेऱ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं. त्यांचा टांगा दिसेनासा होईपर्यंत ती उघडायची मास्तरांची हिंमत होईना. मग उघडली, एकदा वाचली, परत वाचली आणि आम्हाला मराठीत सांगितलं... 'या शाळेतल्या मुली प्रश्न विचारतात. शाळा कायम करावी.'

मास्तर बांधावर बसून रडत होते आणि आम्ही पोरं ढेकळांतून नाचत होतो. इतका आनंद मला पुढे लग्नातसुद्धा झाला नाही, खरं सांगते.

मास्तर, मी उठले तेव्हा तुम्ही सहज 'खाली बस' म्हणू शकला असतात. म्हणाला नाहीत. लय उपकार झाले तुमचे...