थोरकिल्डची फुंकर

आमच्या वेंडसिसेल भागात मिंकची पारख करावी ती थोरकिल्डनंच, असं म्हणत. सगळ्यांत जास्त तो स्वतःच म्हणायचा. मुंगसाएवढं ते जनावर जाड हातमोज्यात धरायचं, पाठीवर फुंकर घालायची आणि केस दुभंगले की खालची लव किती दाट आहे ते बघायचं. पैदाशीला कोणतं ठेवायचं आणि कातडीसाठी कोणतं, हे त्या फुंकरीवर ठरायचं. मी शेजारी. दर हिवाळ्यात त्याच्याकडे कातडी सोलायला जायचो, त्यामुळे त्याच्या बढाया मला तोंडपाठ.

कोरोनाच्या वर्षी त्याला घोर होता तो बायकोचा. बिर्तेला जुना दमा. पिंजऱ्यांच्या शेडकडे ती कित्येक वर्षांत फिरकली नव्हती. माणसाचा कोरोना मिंकला होतो, त्यांच्यात फिरता फिरता रूप बदलतो आणि उलटून माणसावर येऊ शकतो, हे आम्हाला बजावलेलं होतं. म्हणून थोरकिल्ड मास्क लावूनच शेडमध्ये जाई आणि घरात शिरण्याआधी कपडे बदली. आमच्यात एवढी काळजी दुसरं कुणी घेत नव्हतं.

ऑक्टोबरात पारख सुरू झाली. त्याला जराशी सर्दी होती. पुढं त्याच्या मिंकना लागण झाल्याचं निघालं आणि त्याच आठवड्यात बिर्तेला हॉस्पिटलात न्यावं लागलं.

जनावरांची डॉक्टर अहवाल घेऊन आली तेव्हा मी अंगणातच होतो. बिर्तेच्या नमुन्यातला विषाणू मिंकमध्ये फिरून रूप बदललेला होता, असं तिनं सांगितलं. थोरकिल्ड तिच्यावरच उखडला. बायको शेडमध्ये जात नाही, मी मास्कशिवाय जात नाही, मग हा घरात आला कसा?

मला राहवलं नाही. "आणि फुंकर काय मास्कमधून घालत होतास?"

तो म्हणाला, "तेवढ्यापुरता खाली करायचो."

"दर जनावरामागे."

बोलून गेलो आणि फार वाईट वाटलं. मास्कमधून फुंकर जाणार कशी, हे आमच्यातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आधी त्याची सर्दी मिंकना लागली की त्यांची त्याला, हे नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाली. तो ऐकत नव्हता.

सरकारी हुकमानं सगळे मिंक मारले. ज्यांच्या पैदाशीत त्यानं उभा जन्म घातला, ते पांढरेही गेले. तो हॉस्पिटलात फोन करून बिर्तेचा श्वास कसा आहे, एवढंच विचारायचा.

नाताळाच्या आधी ती घरी आली. मी भेटायला गेलो तर तिनं तिघांना कॉफी ओतली. जिना चढताना अजून दम लागतो म्हणाली. कॉफी चांगलीच कढत होती. मी आणि ती फुंकून पीत होतो, थोरकिल्ड कप पुढ्यात ठेवून नुसता बसला होता.

"फुंक की," बिर्ते म्हणाली. "आता मला काही होत नाही."

"निवू दे," तो म्हणाला, आणि पार गार झाल्यावरच त्यानं कप उचलला.