मरीआईचं पोलकं

पटकीची साथ चालू असताना पोरांचे शाळेचे कपडे किती वेळा धुवावेत, या प्रश्नावर आख्ख्या पोलादपूरच्या खोऱ्यात ‘आठवड्यातून एकदा’ असं म्हणणारी मी एकटी होते. आजही माझं मत तेच आहे. पुढे जे झालं त्याचा माझ्या मताशी काडीचा संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. खाली मधली वाडी, तिच्याखाली खालची वाडी, आणि तिची सीव संपते तिथे शाळा. माझी लेक चंद्री त्या शाळेत जायची. आमच्या तिन्ही वाड्यांतून जाणारी ती एकटी मुलगी. तिचे वडील मुंबईला गिरणीत होते. जाताना एवढंच म्हणाले होते, “पोरीला शिकव. माजं राहिलं ते राहिलं.” आणि शाळेसाठी म्हणून पांढऱ्या कापडाचा तुकडा पाठवला होता. त्यातून मी एक परकर आणि एक पोलकं शिवलं. एकच जोड! (पोलक्याच्या काखेत कापड कमी पडलं, तिथे मी ठिगळ लावलं. ते कुठून आणलं ते नंतर येईल.)

घरात सत्ता होती थोरल्या भावजींची, म्हणजे धन्याच्या मोठ्या भावाची. त्यांना पोरीचं शिकणं पटत नव्हतं. आता थोरल्या दिराशी बाईमाणसानं तोंडाला तोंड लावून बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते मला काही सांगायचं झालं तर खांबाला सांगत. मी मांजराला उत्तर देई.

“जाते तवर जाऊ दे,” ते खांबाला म्हणाले. “पन मास्तरानं एक दिस जरी माघारी धाडली, तर दुसऱ्या दिसापासून शेरडांमागं.”

“माघारी कशाला धाडतोय,” मी मांजराला म्हटलं. “पोर हुशार हाय.”

मांजराला ते पटलं. पण त्याच सुमारास महाडाकडून पटकी वर सरकली आणि त्याच बाजूनं आमचा नवा मास्तरही आला. कोवळा, बिनलग्नाचा, पांढरा स्वच्छ कोट. आल्या आल्या त्यानं आम्हा आयांना शाळेच्या पडवीत बोलावलं.

“शाळेचे कपडे वेगळे ठेवायचे. रोज उकळून धुवायचे. पटकीचे जंतू कपड्यांत बसतात.”

“केवढालं असतात?” मी विचारलं.

“डोळ्यांना दिसत नाहीत.”

“मग बसलेलं तुमाला कसं दिसलं?”

बाया पदरात तोंड घालून हसल्या. मास्तर लाल झाला.

“तुमचा कोट कोन धुतं मास्तर?”

“शेजारच्या काकू धुतात.”

“रोज?”

“आठवड्यातून... एकदा.”

“झालं तर! मी पन तेच म्हनते. एकच जोड हाय. रोज उकळला तर दिवाळीला नुसतं सूत राहील अंगावर.”

त्यानं आवाज चढवला. “सोमवारी तपासणी आहे. ज्याचे कपडे उकळलेले नसतील त्याला मी दारातूनच परत पाठवीन.”

परत पाठवीन! हे शब्द भावजींच्या कानावर पोचायच्या आत मी घरी पोचले. आठवड्यातून एकदा म्हणजे एकदाच, पण असं धुवीन की आठ दिवस रोगानं तोंड दाखवायची हिंमत करू नये, असं मी ठरवलं. रविवारी मोठा हंडा चुलीवर चढवला, परकर-पोलकं टाकलं आणि औषध म्हणून वर हळद घातली.

“चिमूटभर घाल गो,” जाऊबाई म्हणाल्या. मी दोन मुठी घातल्या. (माझा स्वभावच तसा. हात आखडता घ्यायची सवय नाही.)

कपडे निघाले ते हळदीच्या नवरीसारखे पिवळेधमक. ‘पिवळं म्हणजे मळलेलं’ असं मास्तर म्हणणार हे दिसतच होतं. मग मी चुलीतली राख घेतली, पाण्यात कालवली आणि दगडावर कपडे असे घासले, असे आपटले, की पिवळ्याचं बघता बघता लालभडक झालं.

जाऊबाई दारातून बघत होत्या. “अगो, कुंकू कसं करतात ठावं नाय तुला? हळदीला खार लागला की लाल होनारच.”

“मग आधी सांगायचं नाय का?”

“तू कधी कुनाचं ऐकलंस?”

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी उठल्या उठल्या लिंबं कापली आणि पोलक्यावर घासली. लिंबू लागलं तिथे लाल जाऊन परत पिवळं व्हायला लागलं. म्हणजे आता लालावर पिवळे चट्टे. पण उतरतंय एवढं तरी कळलं, उन्हात वाळवून पुन्हा घासू म्हटलं. आमच्या घरावर डोंगराची सावली, सकाळचं ऊन पडायचं ते थेट सिवेवरच्या कुंपणावर. तिथे नेऊन कपडे पसरले, अर्धी लिंबं खाली दगडावर ठेवली आणि घरी चंद्रीची वेणी घालायला आले.

आता जरा विचार करा. पटकीचे दिवस. गावाची सीव. कुंपणावर लाल कापड, त्यावर हळदीचे डाग, खाली कापलेली लिंबं. आमच्याकडे साथ आली की मरीआईला साकडं घालतात, तिच्या नावानं लाल कापड आणि लिंबं वाजतगाजत सिवेबाहेर नेऊन ठेवतात, म्हणजे देवी साथीसकट पुढे जाते. पुढच्या गावाला ते सिवेवर दिसलं की ते लोक तेच उचलून, आणखी काही वाढवून, त्याच्या पुढच्या सिवेवर पोचवतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. फक्त त्या सकाळी माझं डोकं वेणीत होतं.

परत गेले तर कुंपण मोकळं. आणि खालून ढोलाचा आवाज.

चंद्रीला फाटक्या परकरावरच धरलं आणि धावत सुटले. मधल्या वाडीच्या सिवेवर एक म्हातारा बसला होता.

“कापडं कुठं गेली बाबा?”

“पुढं धाडली. तुमच्या वाडीनं साथ आनून आमच्या दारात ठेवायची, आनि आमी काय घरात घ्यायची?”

“साथ नाय ती, माज्या पोरीचं पोलकं हाय!”

“देवीच्या नावानं खोटं बोलू नको गो बाय. आमी नारळ वाढवलाय त्याला.”

खालच्या वाडीत पोचले तेव्हा तिथूनही ते पुढे गेलं होतं. त्यांनी म्हणे सूप दिलं, बांगड्या दिल्या, कडुलिंबाचा डहाळा दिला. माझ्या पोरीच्या पोलक्याला एवढा मान कुणी कधी दिला नव्हता. ऊन चढत होतं, शाळेची वेळ होत आली होती. धावता धावता चंद्री म्हणाली, “आय, शेरडांची नावं मला ठावं हायत, पन मला त्यांच्यामागं नाय जायचं.” तिला खांद्यावर घेऊन मी उरलेली वाट तुडवली.

शाळेपाशी ही गर्दी! खालच्या वाडीनं सूप आपल्या सिवेवर, म्हणजे बरोबर शाळेच्या पायरीवर ठेवलं होतं आणि ढोल घेऊन पळ काढला होता. लेकीच्या आधी लेकीचे कपडे शाळेत हजर. पोरं आत कोंडलेली, गाव बाहेर उभा, आणि सुपाला हात लावायला कुणी तयार नाही. मास्तर खिडकीतून ओरडत होता, “उचला ते! हे सगळं अज्ञान आहे!”

“मग तुमीच उचला की मास्तर,” कुणीतरी म्हणालं.

“माझी... आताच अंघोळ झालीय,” मास्तर म्हणाला.

गर्दीत भावजीही होते. ढोलाच्या मागोमाग आले असणार. त्यांनी फाटक्या परकरातली चंद्री बघितली आणि आजूबाजूला खांब शोधला. खांब नव्हता, म्हणून शाळेच्या भिंतीला म्हणाले, “सांगा हिला. पोरीला घेऊन घरी चल म्हनावं. झाली शाळा.”

मी मांजर शोधलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा थेट त्यांच्याकडे बघितलं.

“भावजी, सुपात हाय ते पोलकं माज्या पोरीचं हाय. मी शिवलंय, मी धुतलंय. पटत नसेल तर काखेतलं ठिगळ बघा.”

“कसलं ठिगळ?”

“तुमच्या मुंडाशाचं.”

भावजी शिमग्यापासून ते मुंडासं शोधत होते, एका शेजाऱ्याशी त्यावरून बोलणंही सोडलं होतं त्यांनी. ते दोन पावलं पुढे आले, लांबूनच वाकून बघितलं, लाल झाला तरी काठ ओळखला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले, “माजंच हाय.”

मला भीती वाटत नव्हती असं नाही. मनात म्हटलं, आई, पोलकं माझं, नारळ तुझा, रागावू नकोस. आणि सुपातून परकर-पोलकं उचललं, कडुलिंब झटकला आणि भर गर्दीत चंद्रीच्या अंगात घातलं. ओलंच होतं. मग खिडकीकडे वळले.

“मास्तर, तपासा. धुतलेलं हाय का?”

“आहे,” मास्तर म्हणाला.

“उकळलेलं?”

“दिसतंय... भरपूर.”

“मग घ्या आत.”

त्यानं दार उघडलं. चंद्री लाल-पिवळी होऊन आत गेली आणि पहिल्या ओळीत बसली. घरी आल्यावर भावजींनी खांबाला एवढंच सांगितलं, “मास्तरानं माघारी नाय धाडली.”

आता सगळे वाट बघायला लागले, देवीचं वस्त्र घातलेल्या पोरीला काय होतं याची. मीही रोज रात्री तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. चंद्रीला काही झालं नाही. उलट साथ आमच्या वाड्या सोडून पुढे सरकली. आणि एका सकाळी मधल्या वाडीची एक बाई पोराचा सदरा घेऊन दारात उभी.

“येवढा लाल करून दे गो बाय.”

“अगो, नुसती हळद आनि राख हाय ती. घरी कर.”

“गुपित हाय, सांगायचं नसेल तर नको सांगू. पन करून दे.”

दुसऱ्या दिवशी आणखी बाया. तिसऱ्या दिवशी माझ्या जाऊबाईच, ज्यांना कुंकू कसं करतात ते ठावं होतं. नाही म्हणायला माझी जीभ सदा पुढे, पण पोरांचे ते एवढेएवढे सदरे बघितले की हात आधीच हंड्याकडे जायचा. आणि कपडे एकदा लाल करून भागेना. उतरला रंग की उतरली देवी, म्हणून रोज! शेवटी संध्याकाळच्या अंधारात मास्तरही आला, कोटाची घडी काखेत मारून. “फक्त आतल्या बाजूनं,” म्हणाला.

चंद्री पुढे मास्तरीण झाली. साथ आली की कपडे रोज उकळून धुवावेत, असं ती आता दुसऱ्यांच्या आयांना शिकवते. मी तिला ठणकावून सांगते, आठवड्यातून एकदा पुरे. मग ती विचारते, “आई, त्या साथीत कोपरापर्यंत लाल हातांनी तीन वाड्यांची धुणी रोज उकळणारी बाई कोण होती गं?”

त्याचं उत्तर मी मांजराला देते.