हरिबाची काचेतली पाणबाग

हरिबा आमच्या कॉलेजात आला तो त्र्याहत्तरच्या जानेवारीत. विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो आणि तो माझ्या हाताखालचा टेंपररी हमाल. कवठे महांकाळकडचा धनगर. त्याची सगळी मेंढरं दुष्काळात चाऱ्यावाचून मेली होती. बायको हरणाबाई गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि चार वर्षांची पोर त्या ढिगाशेजारी उन्हात पडलेली असायची. "परमनंट झालो की दोगींना हितं आणतो," हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा बोलायचा. मला त्याचा वैताग यायचा. मी परमनंट होतो, वैतागायला माझं काय जात होतं?

मार्चअखेर विद्यापीठाची कमिटी येणार होती. आमच्या विभागप्रमुख सरांनी मुंबईत कुठंतरी जिवंत पाणवनस्पती लावलेली काचेची टाकी पाहिली होती. तसलीच इथं हवी, असं त्यांच्या मनानं घेतलं. हरिबाला म्हणाले, "ही टाकी चांगली झाली तर तुझं नाव कायम करायला मी स्वतः पाठवतो."

झालं, गडी झपाटला. लोखंडी अँगलच्या चौकटीत काचा बसवून त्यानं कडेनं पुट्टी भरली. टाकी दोनदा गळली, दोनदा त्यानं सगळं खरवडून परत भरलं. कृष्णेची वाळू आणून सात-आठ पाण्यांनी धुतली. नदीत कंबरभर पाण्यात उतरून लांब पात्याचं पाणगवत मुळासकट उपटून आणलं. मग एकेक रोप बोटानं वाळूत खोचत बसला. मागं उंच, पुढं बुटकं, मधे एक काळा दगड थोडा कलता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. कोरड्या माळावरचा माणूस, पण नजर अशी की मी जेवणाचा डबा घेऊन त्या टाकीसमोर बसायला लागलो.

पण आठवड्यात पानं पिवळी पडली. सर रंगीत मासे आणायला पुण्याला गेलेले. हरिबाचं तोंड एवढंसं झालं.

मी कडेगावचा, उसाच्या घरातला. आमच्या रानात दरसाल खतासाठी रात्री मेंढरं बसवायचे. चार रात्री कळप बसला की ऊस नुसता उसळायचा. मी मोठ्या शहाणपणानं म्हणालो, "आरं, धनगर न्हवं तू? लेंडीखत घाल की बुडाला!"

"व्हय की भाऊसो! माज्या ध्यानातच आलं न्हाई."

रविवारी तो गावी गेला आणि मेंढरं कोंडायच्या, आता ओस पडलेल्या वाडग्यातल्या लेंड्या पिशवी भरून घेऊन आला. "मेंढरं गेली, ह्ये तेवढं मागं ऱ्हायलंय," म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून रोपं काढली, वाळूखाली दोन बोटं जाडीचा थर दिला आणि रोपं परत खोचली.

पाच-सहा दिवसांत पानं हिरवीगार झाली. सरांनी त्यात बारा मासे सोडले आणि चारचौघांत हरिबाची पाठ थोपटली. त्यानं लगेच एसटीच्या कंडक्टरकडं बायकोला निरोप धाडला, काम सोडून ये. ऑर्डर हातात येईपर्यंत थांब, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

कमिटीच्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि कुजका भपकाराच अंगावर आला. टाकीतलं पाणी चहासारखं झालेलं. वाळूतून बुडबुडे येत होते. नऊ मासे उलटे तरंगत होते, तीन वर येऊन तोंडं उघडत होते. पाणी बदलायलाही वेळ उरला नव्हता. जमिनीत जिरतं ते कोंडलेल्या पाण्यात सडतं, हे दोघांनाही सुचलं नव्हतं. कमिटीची माणसं नाकाला रुमाल लावून पुढं गेली.

दुपारी सरांनी आम्हाला उभं केलं. "खाली काय घातलं? कुणी सांगितलं?"

हरिबानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मी मायक्रोस्कोप पुसायला घेतला.

"म्याच घातलं सायब," तो म्हणाला. "माजंच डोस्कं."

"उद्यापासून येऊ नकोस."

बाहेर पायरीवर हरणाबाई येऊन बसली होती. मांडीवर पोर, शेजारी गाठोडं. खडीच्या कामावरची तिची जागा एव्हाना दुसरीला मिळालेली. नवऱ्याला बघून ती उठली, पदर सारखा केला.

"खोली लांब हाय का हितनं?"

हरिबानं गाठोडं उचललं. "चल, स्टँडवर जायाचं हाय."

मी दारातच उभा होतो. सरांकडं जाऊन खरं सांगितलं असतं, तर माझी नोकरी काही जात नव्हती. चार शिव्या बसल्या असत्या, जास्तीत जास्त. तेवढ्या चार शिव्या मला खायच्या नव्हत्या.