माईच्या तेलाची मोठी गिऱ्हाइकं

दारोदार तेल विकणाऱ्या बाईपाशी गोष्टी किती साठतात, हे तेल विकल्याशिवाय कळायचं नाही. बाटली घेऊन तुम्ही कुणाच्या ओटीवर बसलात, की त्या घरातलं काहीतरी तुमच्याबरोबर परत येतंच. माझ्याकडे अशा गोष्टींचं गाठोडं आहे. त्यातल्या बऱ्याचशा ऐकून लोक हसतात. आम्ही मात्र त्या वेळी हसलो नव्हतो. तोंडात मारल्यासारख्या परत यायचो.

माई म्हणजे माझी थोरली जाऊ. आम्ही कर्जतला राहायचो. आमचे हे आणि मोठे भाऊजी, दोघंही रेल्वेत. लढाईच्या दिवसांत सगळंच महाग झालं, तेव्हा माईने परसात चूल मांडली आणि माका, ब्राह्मी, जास्वंद, वाळा घालून खोबरेल उकळायला घेतलं. औषधांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून, उकळून, त्यात ते भरायचं. माई तेल करायची आणि मी बरोबर हिंडायची. दोन वर्षांत नेरळपासून खोपोलीपर्यंत आमचं तेल जायला लागलं.

एका संक्रांतीला माई म्हणाली, "सुशीला, जी गिऱ्हाइकं आपल्याकडून सगळ्यात जास्त नेतात, त्यांना आपण काहीतरी द्यायला हवं. नुसतं तेल देऊन माणूस बांधलं जात नाही."

भाऊजी म्हणाले, तेल विकत घेतलं म्हणून कुणी कुणाचे आभार मानतं का? माईने ऐकलं नाही. चांगले इरकली खण आणले, तिळगूळ केला आणि आम्ही निघालो.

*

पहिला खण होता पोशीरच्या भीमाबाईंचा. शेतकरी घर. दर महिन्याला तीन बाटल्या, त्याही न चुकता. बाजाराच्या दिवशी त्यांचा मुलगा येऊन घेऊन जायचा. आम्ही बाईंना कधी पाहिलं नव्हतं. वाटेत माई म्हणत होती, केस केवढे असतील गं या बाईचे!

भीमाबाई साठीच्या पुढच्या निघाल्या. खण पाहून त्यांना फार आनंद झाला. माईने केसांची चौकशी केली, तशी त्यांनी डोईवरचा पदर मागे सारला. लिंबाएवढा पांढरा बुचडा.

"माजं क्येस? चार ऱ्हायल्यात. त्यांना कशाला त्याल?" असं म्हणून त्या आम्हाला गोठ्यात घेऊन गेल्या. तिथे एक धिप्पाड बैल उभा होता. त्याचा खांदा आमच्या तेलाने चकचकत होता आणि वाळ्याचा वास गोठाभर सुटला होता. जू घासून खांदा सोलवटला होता म्हणे. डॉक्टरचं औषध झालं, झाडपाला झाला, शेवटी सुनेची तेलाची बाटली होती ती लावली आणि आठ दिवसांत कातडी धरली.

माईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ते तेल ती सोवळ्यातल्या स्वयंपाकासारखं करायची. कशीबशी म्हणाली, "अहो, पण त्यात ब्राह्मी असते. डोकं शांत राहावं म्हणून घालतो आम्ही."

"म्हनूनच!" भीमाबाई म्हणाल्या. "आदी लाथा मारायचा. आता बगा कसा गप हाय त्यो."

*

पोशीरहून आम्ही नेरळला गेलो. तिथे भाताच्या गिरणीवाल्यांच्या सुमतीबाई होत्या. त्या डझनाने बाटल्या मागवायच्या. ह्यांच्या ओळखीचे एक गार्ड त्या पोचवायचे, त्यामुळे सुमतीबाईंनी आम्हाला पाहिलेलं नव्हतं.

दोन बायका दारात पाहून त्यांनी आम्हाला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि आम्ही कोण ते सांगायच्या आतच कपाटातून एक बाटली काढून पुढे ठेवली. बाटली आमची, बूच आमचं. वर मात्र गुलाबी कागदाचं लेबल, त्यावर एका आजीबाईंचं नाव. त्या सांगायला लागल्या, की हे तेल त्यांच्या आजीचं आहे. चाळीस औषधं पडतात. माथेरानला हवा खायला येणारी मंडळी परतताना चार-चार बाटल्या बांधून नेतात.

"पहिली बाटली फुकट देते," त्या म्हणाल्या. "आवडली तर दरमहा घ्या."

मी माईकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथे भांडण होणार. माईने शांतपणे बूच काढलं, वास घेतला, थेंबभर तेल तळहातावर चोळलं आणि पिशवीतून खण काढून सुमतीबाईंच्या ओटीत घातला. म्हणाली, "आम्ही कर्जतच्या तेलवाल्या. तुमचे आभार मानायला आलोय."

सुमतीबाई पांढऱ्याफटक पडल्या. खण तसाच मांडीवर. मला तर माझ्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बसावं लागलं. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "मग एक सांगाल का? ती चाळीस औषधं कुठली? लोक फार विचारतात हो."

माई म्हणाली, "चार आहेत. बाकीची छत्तीस तुमच्या आजीला विचारा."

*

त्या दोन भेटींत आम्ही एवढं शिकलो, की गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन आभार मानायचे नाहीत. नको ते दिसतं. पुढच्या संक्रांतीला माईने मोठ्या गिऱ्हाइकांना आमच्याच घरी हळदीकुंकवाला बोलवायचं ठरवलं, आणि वाण म्हणून हलवा.

आता साखर रेशनवर. आमच्या दोन्ही बिऱ्हाडांनी तीन महिने गुळाचा चहा प्यायला. पोरांनी कुरकुर केली, भाऊजींनी तर चहाच सोडला. त्या साठवलेल्या साखरेचा माईने शेगडीपाशी बसून काटेरी हलवा केला. एकेक दाणा मोत्यासारखा. कर्जतमध्ये त्या वर्षी दुसऱ्या कुणाकडे हलवा असेल असं मला वाटत नाही.

हळदीकुंकू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रेशनचे इन्स्पेक्टर साहेब उभे. डोक्यावर टोपी, काखेत वही. गल्लीतल्या बायका दारांतून बघायला लागल्या. घरात पुरुष माणूस कुणी नाही. मी माजघरात जाऊन आमची दोन्ही रेशनकार्डं शोधायला लागले, तर डोळ्यांसमोरच्या फळीवर होती तरी मला दिसेनात.

साहेबांनी विचारलं, काल इथे साखरेचा हलवा वाटला हे खरं का? माई म्हणाली, खरं. किती जणींना वाटला? तिने नावं सांगितली. बारा. साहेबांनी सगळी नावं वहीत लिहून घेतली. मग वही मिटली, एकदा मागे गल्लीकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"बाई," ते म्हणाले, "आमची मंडळीही तुमच्याकडूनच तेल घेते. तिचं नाव यात का नाही, एवढं विचारून यायला तिने मला पाठवलंय. उत्तर घेतल्याशिवाय मला घरात घेणार नाही."

कढईला चिकटून राहिलेला जो काही चुरा होता, तो माईने पुडीत बांधून दिला. साहेब गेल्यावर ती दाराला टेकून खाली बसली ती अर्धा तास उठली नाही.

*

तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगताना मला अजून बरं वाटत नाही.

त्या वर्षी माईने ठरवलं, की सगळ्यांना तिळगूळ द्यायचा, पण पहिल्या नंबरच्या गिऱ्हाइकाला पाटावर बसवून आरसा द्यायचा. लाकडी चौकटीचा, बेलबुट्टीचा, भाऊजींनी मुंबईहून आणलेला. सगळ्यांना वाटलं, तो आमच्या गल्लीतल्या वकिलीणबाईंना मिळणार. त्यांनाही तसंच वाटलं. त्या पैठणी नेसून आल्या आणि पाटाजवळच बसल्या.

माईने नाव घेतलं काशीचं.

काशी म्हणजे वकिलीणबाईंकडे धुणंभांडी करणारी बाई. ती तेल घ्यायची ते पैसे देऊन नाही. नदीकाठचा माका आणि टोपलीभर जास्वंद आणून द्यायची आणि त्याबदली तेल न्यायची. घरात तीन मुली आणि सासू. विकायला नेणाऱ्या सुमतीबाई सोडल्या, तर सगळ्यांत जास्त बाटल्या तिनेच नेल्या होत्या, आणि तिच्या माक्याशिवाय आमची कढई चढलीच नसती. माईच्या डोक्यात हिशेब एवढा सरळ होता.

काशी दाराजवळ उभी होती. कुणीतरी तिला पुढे ढकललं, तसा तिचा पदर घसरला आणि आम्ही सगळ्या बघतच राहिलो. तिची वेणी गुडघ्याच्या खाली गेली होती. इतकी वर्षं ती आमच्यासमोर वावरत होती आणि कुणाला माहीत नव्हतं.

माई पाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "बस गं."

"नको माई," काशी म्हणाली. "उद्या मला त्यांच्याकडंच भांडी घासायची हायत."

हे सगळ्यांनी ऐकलं. वकिलीणबाई उठल्या, तिळगूळ तिथेच ठेवला आणि चपला घालून निघून गेल्या. माईने काशीला आरसा उभ्याउभ्याच दिला.

दुसऱ्या दिवशी काशी आली ती आरसा फडक्यात बांधून. डोळे सुजलेले. म्हणाली, "कामावरनं काढलं मला. माई, ह्यो आरसा त्यांना द्या, म्हंजी परत घेतील."

आपण आभार मानले आणि एका बाईची भाकरी गेली, हे माईच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसत होतं. तिने आरसा परत घेतला नाही. काशीचा हात धरून तिला परसात नेलं आणि म्हणाली, "उद्यापासून कढईपाशी तू."

काशी पुढे सात वर्षं आमच्याकडे होती. वकिलीणबाईंनी तेल मात्र बंद केलं नाही. उलट नंतर त्या सांगायच्या, माईचं तेल हल्ली पूर्वीपेक्षा चांगलं होतं.

*

यानंतर हळदीकुंकू बंद झालं. माई म्हणाली, ज्याचं त्याला गुपचूप नेऊन द्यावं. पुढच्या संक्रांतीला सगळ्यांचं देऊन झाल्यावर राहिलं होतं एकच घर, खालापूरचं.

तिथून दर महिन्याला एक गाडीवान स्टेशनावर ह्यांच्याकडे चिठ्ठी द्यायचा. सुंदर, वळणदार अक्षर. "तेल तीन बाटल्या", आणि खाली नुसतं "द्वारका". चार वर्षांत एक महिना चुकला नाही. बाई शिकलेली असणार, चांगल्या घरची असणार, आणि तीन बाटल्या म्हणजे केस असतील तरी केवढे, असं आम्ही आपसात बोलायचो. माईने तिच्यासाठी चंदनाची फणी आणली. वर अबोलीचा गजरा करून घेतला.

खोपोलीला गाडीतून उतरून आम्ही टांग्याने गेलो. मोठं घर होतं. पडवीत एक म्हातारे गृहस्थ पोथी वाचत बसले होते. आम्ही द्वारकाबाईंना भेटायला आलोय म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली.

बाई बाहेर आल्या. तिशीच्या असतील. अंगावर लाल अलवण. पदर कपाळापर्यंत ओढलेला, त्याखाली केशवपन केलेलं डोकं, आणि आमच्याच तेलातल्या वाळ्याचा वास.

गजरा माझ्या हातात होता. तो मी कुठे लपवला ते मला आजही आठवत नाही. माईने फणीची पुडी पदराखाली घेतली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, घरात मुली आहेत का?

"कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मामंजी आणि मी."

मग त्यांचं लक्ष माईच्या पदराकडे गेलं. "ते माझ्यासाठी आणलंय ना?"

माई म्हणाली, "चूक झाली बाई. दुसऱ्या घरचं आहे ते."

"द्या," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

माईला द्यावीच लागली. त्यांनी कागद उलगडला. फणीच्या दातांवरून हळूच बोट फिरवलं, नाकाशी धरून वास घेतला. पडवीतून पोथीचा आवाज येत होता. त्यांनी फणी ओच्यात खोचली, आम्हाला गूळपाणी दिलं, टांगा परत जायला वेळेवर मिळेल ना याची चौकशी केली.

खोपोलीच्या स्टेशनावर माईने एकदा डोळे पुसले. माईला वाटत होतं, आता तिकडची चिठ्ठी कधी यायची नाही.

पुढच्या महिन्यात, नेहमीच्या दिवशी, गाडीवान आला. अक्षर तेच.

"तेल चार बाटल्या. फणी आता केसांतून चांगली चालते. द्वारका."