पोरीचं ऑडिट

आमची मुलगी दोन महिने आधी जन्मली. वजन इतकं कमी, की बघायला आलेले लोक काय बोलावं न सुचून आमच्या पडद्यांचं कौतुक करायचे. काचेच्या पेटीतून ती घरी आली आणि हॉस्पिटलच्या एका कार्यक्रमातली ताई दर आठवड्याला आमच्या मोशीच्या फ्लॅटवर येऊ लागली. बाळाला पालथं कसं घालायचं, लाल रिंग डोळ्यांपुढून कशी फिरवायची, छोटी घंटा वाजवायला कशी द्यायची, हे ती शिकवायची. अशा लवकर जन्मलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी ताई जायची, काहींची नुसती नेहमीची तपासणी व्हायची. पुढे दोन्हीकडच्या मुलांची तुलना करून ताईचा उपयोग होतो का, ते ठरणार होतं.

पोर वर्षाची होत आली तेव्हा त्या तुलनेसाठीच्या तपासणीचा दिवस उगवला. तपासणाऱ्या मॅडमनी फोनवर बजावलं, की तुमच्याकडे ताई येते की नाही हे मला कळता कामा नये, नाहीतर माझा कल एका बाजूला जाईल.

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. त्याला यातलं एवढंच ऐकू आलं: ऑडिट. ऑडिट म्हटलं की त्याच्याकडे फरशीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवतात, रिजेक्ट माल मागच्या शेडमध्ये जातो आणि ऑपरेटरकडून उत्तरं पाठ करून घेतात. त्याने घरीही तेच केलं. ताईची खेळणी बेडखाली कोंबली, विचारलं तेवढंच बोलायचं अशी सासूबाईंना तंबी दिली आणि पोरीकडून घंटा वाजवायची इतकी तालीम करून घेतली, की शेजारच्या काकूंनी आज कसली पूजा म्हणून विचारलं. मी जाम चिडले. पण आपली पोर इतर मुलांसारखी होईल का, हा प्रश्न मी भीतीपोटी कुणालाच विचारला नव्हता.

मॅडम आल्या, सतरंजीवर बसल्या, घंटा पुढे ठेवली. पोरीने घंटेकडे बघून जांभई दिली आणि तोंड फिरवलं. तालमीतच तिला घंटेचा वीट आला होता. लातूरच्या सासूबाईंना नातीचा हा अपमान सोसवेना.

"ताई आली की लई वाजवती बघा ही," त्या म्हणाल्या.

मॅडमचं पेन थांबलं. नवरा घाईघाईने म्हणाला, ताई म्हणजे माझी बहीण.

"आरं, तुला कुठली बहीण?" सासूबाई म्हणाल्या.

मॅडमना हसू आवरेना. ताई येते हे मला कळलं, असं लिहून ठेवावं लागेल, म्हणाल्या. पोरीचे मार्क कापणार का, असं नवऱ्याने विचारलं, तेव्हा त्यांनी समजावलं, की परीक्षा तिची नाही, आमच्या कार्यक्रमाची आहे. मग ठोकळे झाले, रुमालाखाली लपवलेली रिंग झाली, बसणं, रांगणं झालं. शेवटी मी धीर करून विचारलं, ती मागे पडलीय का?

मॅडम म्हणाल्या, अशा मुलांचं वय जन्मतारखेपासून धरत नाहीत. ज्या तारखेला ती यायला हवी होती, तिथून मोजतात.

"तसं धरलं तर ती अगदी वेळेवर आहे."

जन्मल्यापासून तिच्याबद्दल लवकर, कमी, अपुरी एवढेच शब्द ऐकले होते. वेळेवर हा शब्द पहिल्यांदाच कानावर पडला, आणि मी सासूबाईंच्या पदरात तोंड खुपसून मॅडमसमोरच हमसून रडले.