दाजींच्या अर्जातली माझी ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दाजी जाऊन दोन वर्षं झाली, आणि मागच्या आठवड्यात अक्का त्यांच्या कागदांचं पुडकं घेऊन माझ्याकडे आली, म्हणून लिहायला बसलो आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, चऱ्होलीचे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात होते. गोळी लागली नाही, आव लागली. मिळेल त्या डबक्याचं पाणी पिऊन जडलेली ती आव पुढे संग्रहणी झाली आणि पलटणीने त्यांना घरी पाठवलं. गोळी लागलेल्याला गावात मान होता. दाजींना दिवसातून आठ-दहा वेळा टमरेल घेऊन ओढ्याकडे जावं लागे, त्यांना कसला मान. पारावरची मंडळी त्यांना 'टमरेल हवालदार' म्हणत. "काय हवालदार, आज कुठल्या मोर्चावर?" असं कुणी विचारलं की दाजीही हसत आणि चाल वाढवत. उभं राहून हसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नसे.

लग्नाकार्याला जात नसत. एस.टी.त बसत नसत. घर अक्का दुसऱ्याच्या रानात खुरपून चालवायची. मी तेव्हा बाविशीचा, पिंपरीला एका नव्या कारखान्याचं बांधकाम चाललेलं, तिथे ठेकेदाराच्या ऑफिसात टायपिस्ट. शब्द टाकून दाजींना फाटकावर पहारेकरी लावलं. अकराव्या दिवशी सिमेंटचे ट्रक बाहेर हॉर्न वाजवत उभे आणि फाटकावर कुणीच नाही. मुकादम मला म्हणाला, "भाऊ, माणूस सोन्यासारखा हाय. पण जागेवर नको का?"

मग कळलं, की अशा जवानांना अपंगत्वाची पेन्शन मिळते. दुखणं लष्कराच्या नोकरीतच जडलं, असं मात्र ठरावं लागतं. दाजींना पेन्शनीइतकाच तो शेरा हवा होता. "सरकारनं येकदा लिवून दिलं पायजे, पाव्हणं," ते मला म्हणत, "का ह्यो रोग मी पलटणीत कमावला. मग पारावर वाचून दावतो सगळ्यास्नी."

अर्ज इंग्रजीत होता. त्यांच्या ओसरीवर बसून मी एकेक रकाना विचारून भरत होतो. पलटण कुठली, भरती कधी, दवाखान्यात किती दिवस. सातव्या रकान्यापाशी दाजी उठले, कोपऱ्यातलं टमरेल उचललं आणि म्हणाले, "लिवा तुमी, आलोच."

रकान्यात प्रश्न होता: हा विकार भरतीपूर्वी होता काय?

थांबायला हवं होतं. पण तोवर मी गावातल्या दहा-पंधरा जणांचे अर्ज लिहिलेले, तगाई कर्जाचे, विहिरीचे, फी-माफीचे. अर्जात जितकं दैन्य ओतावं तितका साहेब पाघळतो, ही माझी पक्की समजूत. मी लिहिलं, की अर्जदार अगदी बालपणापासून या दुर्धर विकाराने पीडित आहे. इंग्रजीत ते वाक्य लांबलचक आणि भारदस्त झालं. मला फार आवडलं. दाजी आले, हात पुसले, पलटणीत शिकलेली इंग्रजी सही केली. वाचून दाखवा म्हणाले नाहीत. मीही दाखवलं नाही.

नकार आला. कारण एकच दिलं होतं: खुद्द अर्जदाराच्याच म्हणण्याप्रमाणे विकार बालपणापासूनचा आहे. ते पत्र वाचू शकणारा त्या घरात मी एकटा.

"काय म्हनत्यात?" अक्काने विचारलं.

"रोग पलटणीतला नाही म्हणतात."

"मग काय म्या भाकरीत घातला?" ती म्हणाली, आणि तवा चुलीवर ठेवून सरकारच्या सात पिढ्या काढल्या. मी मान हलवत राहिलो.

अपील करता येत होतं. ती चूक लिहिणाऱ्याची, एवढी एक ओळ पुरली असती. पण ती लिहायची तर आधी दाजींना सांगावी लागणार. मी चार पानं टाइप केली, त्या ओळीवाचून सगळं. दाजींच्याच पलटणीतले एकजण चाकणला सायकलचं दुकान चालवत, त्यांनी जबानी दिली. "भरतीच्या वक्ताला ह्यो गडी बारा भाकऱ्या उठवायचा. तसंच लिहा, राव, कमी करू नका."

डॉक्टरांच्या बोर्डापुढे बोलावणं आलं. आम्ही दोघं दिघीवरून चालत छावणीत गेलो. साहेबांपुढून उठावं लागू नये म्हणून दाजी आदल्या दुपारपासून जेवले नव्हते. मधले डॉक्टर मराठीच होते, आवाज चढवणारे नव्हते. दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवून म्हणाले, "हवालदार, तुमचा साथीदार म्हणतो भरतीला तुम्ही ठणठणीत होता. तुम्ही स्वतः लिहिलंय, लहानपणापासून आजारी. खरं काय?"

दाजी अटेन्शनमध्ये उभे होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी खाली पाहिलं.

"सही तुमचीच ना?"

"माझीच हाय, साहेब."

"मग वर लिहिलंय ते?"

"सही माझी, म्हंजे लिवलेलं बी माझंच."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि जरा थांबले. ते माझ्यासाठीच थांबले होते, असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं. 'ते मी लिहिलं', एवढंच म्हणायचं होतं. सरकारी कागदावर खोटं लिहिलं म्हणून नोकरी जाईल, ही भीती होती. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा लाज मोठी होती. डॉक्टरांनी शेरा लिहायला घेतला.

परतताना दिघीच्या पुढे दाजी ओढ्यात उतरले. वर आले. मी म्हणालो, "दाजी, तो रकाना..."

"असू द्या. इंग्रजी झ्याक आसंल." थोडं चालून म्हणाले, "तुमच्या बहिनीला बोलू नका. तिनं शिव्या दिल्यानं सरकारचं काय बिघडत न्हाई. तिला भाऊ येकच हाय."

अपील फेटाळलं गेलं. दाजी शेवटपर्यंत पारावरचे टमरेल हवालदारच राहिले.

आणि आता अक्का पुडकं पुढ्यात ठेवून म्हणाली, "पेन्शन नगं मला. पर सरकारला पुन्यांदा लिव, खरं काय ते त्यांच्या नावावर लागू दे. तू चांगलं लिवतोस." मी हो म्हणालो. झालं का लिहून, म्हणून तिचे दोन निरोप येऊन गेले.

लिहून झालं आहे, ते हे. तिला वाचता येत नाही. वाचून दाखवायचं तर मलाच.