हातपाय धुण्याची पंधरा मिनिटं

बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणजे काय, हे मी सासूबाईंना तीन वेळा समजावून सांगितलं. एखाद्या कंपनीला कॉम्प्युटरकडून काय काम करून हवंय ते तिथल्या माणसांना विचारून विचारून काढायचं, नीट लिहायचं आणि प्रोग्रॅम करणाऱ्यांच्या गळी उतरवायचं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, की लोकांना प्रश्न विचारायचा पगार मिळत असेल तर आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांना उद्याच तुझ्या ऑफिसात घेऊन जा.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी अंधेरीच्या एका कंपनीत टेस्टिंग करायचे, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायचे. दुसऱ्यांच्या चुका काढणं मला उपजतच येत होतं, पण त्या कामात पुढे जायला वाव नव्हता. म्हणून वसई स्टेशनजवळ साड्यांच्या दुकानाच्या वर भरणाऱ्या शनिवारच्या क्लासला नाव घातलं. शिकवणारे सर मोठे सज्जन, फक्त त्यांना प्रत्येक गोष्ट चौकटीत घालून तिला बाण काढायची खोड होती. आधी काम आज कसं चालतं ते बघा, त्याच्याशी कोणाकोणाचा संबंध येतो ते लिहा, मग ते कसं चालायला हवं ते ठरवा, असं ते शिकवत. हे इतकं सोपं वाटलं की मी वहीत उतरवूनसुद्धा घेतलं नाही.

कोर्सच्या शेवटी खरंखुरं चालू असलेलं एखादं काम निवडून त्याचा प्रकल्प करायचा होता. बाकीच्यांनी दवाखाना, वाचनालय, केबलवाला असं काहीबाही घेतलं. मी आमच्या विहिरीचं पाणी घेतलं.

माझं सासर वसईजवळच्या सांडोरचं, केळी-भाजीची वाडी असलेलं. माहेर फ्लॅटमधलं, त्यामुळे पाणी सकाळी नळाला येतं यापलीकडे मला पाण्यातलं काही कळत नव्हतं. सासरी एका विहिरीवर चार घरांच्या केळी आणि भाज्या भिजायच्या. मोटर एक, पाट एक, आणि प्रत्येक घराची दोन तासांची पाळी. त्या उन्हाळ्यात भारनियमनामुळे वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा पत्ता नसायचा. पाळ्या पुढे-मागे व्हायच्या आणि सकाळी सकाळी विहिरीवर आवाज चढायचे. सासरे तिथून आले की चहा गार होईपर्यंत बडबडत राहायचे. इतका छान प्रश्न घरात आयता असताना बाहेर कशाला जायचं, असं मला वाटलं.

दोन रविवार मी टोपी घालून, वही घेऊन बांधावर बसले. चारही घरच्या कर्त्या पुरुषांना प्रश्न विचारले. किती केळी, किती वाफे, पाणी किती वेळ लागतं. त्यांनी शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी उत्तरं दिली. घड्याळ लावून बघताना मला एक गोष्ट सापडली आणि मी हरखून गेले. पाळी संपली की माणूस आपल्या वाडीकडे वळवलेलं पाणी बंद करायचा, पण लगेच पुढच्याला हाक मारायचा नाही. पाटावर बसून हातपाय धुवायचा. मग तंबाखू मळायचा, मग पुन्हा पाय धुवायचा. तोवर मोटर चालूच, पाणी पाटातून सरळ खाली वाहत जायचं. प्रत्येक पाळीमागे चांगली पंधरा मिनिटं. मी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘अपव्यय’.

पाट जिथे संपतो त्या उतारावर सासऱ्यांच्या चुलत भावाची बायको राहायची. आम्ही तिला काकी म्हणायचो. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. वाटणीत तिला जमिनीचा तुकडा मिळाला होता, विहिरीत वाटा मात्र मिळाला नव्हता. त्या तुकड्यात ती अळू लावायची, जुड्या बांधून बाजारात विकायची आणि त्यावरच तिचं भागायचं. तिला पाळी नाही म्हणजे विहिरीशी तिचा संबंध नाही, असं ठरवून मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. अळवाला किती पाणी लागतं हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला नव्हतं.

ऑफिसातून मी रंगीत वेळापत्रक छापून आणलं. वीज जाण्याच्या वेळा धरून चार पाळ्या, एकीला लागून दुसरी, मध्ये एका मिनिटाची फट नाही. चौघांनी ते आलटून पालटून हातात घेतलं, माना डोलावल्या, एकमेकांकडे पाहिलं, आणि छान आहे म्हणाले. सासऱ्यांनी स्वतः ते मोटरच्या खोपीत चिकटवलं. भांडणं थांबली. पाळी संपायच्या आधीच पुढचा माणूस फावडं घेऊन उभा राहायला लागला. मी चार दिवस जमिनीवरून चालत नव्हते.

तीनेक आठवड्यांनी माहेरची माणसं जेवायला येणार होती म्हणून मी अळू आणायला काकीकडे गेले. पाहते तर पानं मान टाकून पडलेली, देठ पिवळे, मातीला भेगा. काकी घरातल्या नळाची कळशी भरभरून एकेका रोपाला पाणी घालत होती. मी विचारलं, पाट कोरडा कसा? माझ्याशी ती नेहमी गावची बोली सोडून शाळेतलं मराठी बोलायची, तशीच बोलली.

“आता सगळे वेळेवर बंद करतात ना. बरं झालं, भांडणं मिटली.”

टोमणा असता तर मला सोसला असता. पण ती खरंच माझं कौतुक करत होती. मला इतकी लाज वाटली की मी तिच्या हातातली कळशी घेतली आणि ओळ संपेपर्यंत मान वर केली नाही.

घरी येऊन मी सासऱ्यांवर चिडले. एवढे प्रश्न विचारले, तेव्हा कोणीच तोंड का उघडलं नाही? ते सुपारी कातरत होते. एक खांड तोंडात टाकून म्हणाले,

“काय सांगायचं? बोललं की तो तिचा हक्क होतो, नाहीतर आमचा उपकार. हक्क म्हटलं तर चार घरांत भांडण. उपकार म्हटलं तर ती पाण्याला शिवायची नाही.”

मग वेळापत्रकाला होकार का दिला, असं विचारल्यावर ते जरा ओशाळले. सुनेने एवढं रंगीत छापून आणलं, तिचं मन कसं मोडायचं? आणि त्यांना वाटलं होतं, बाकीचे तिघे पाणी सोडतीलच. बाकीच्या तिघांनाही तेच वाटलं होतं, हे मी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाकडे जाऊन विचारून घेतलं. या वेळी वही नेली नव्हती.

काकीची पाचवी पाळी मांडू या म्हटलं, तर सासऱ्यांनी हात जोडले. मग मी कागद पुन्हा छापला. प्रत्येक पाळीनंतर एक नवी ओळ घातली: हातपाय धुणे, पंधरा मिनिटं. खोपीत चौघांनी ती गंभीर चेहऱ्याने वाचली. त्यातल्या सगळ्यात भांडकुदळ माणसाने तक्रार केली, की आता वय झालं, त्याला पाय धुवायला वीस मिनिटं लागतात. मी पेनाने वीस केले. महिन्याभरात अळवाने पानं उभी धरली. काकीने कागद पाहिला की नाही ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

प्रकल्प दाखवायचा दिवस आला. सरांना माझ्या चौकटी आवडल्या, बाण आवडले. मग त्यांचं पेन त्या ओळींवर थांबलं. चार माणसं दिवसाला तासाहून जास्त वेळ हातपाय धुतात, आणि हे मी सुधारलेल्या पद्धतीतही तसंच ठेवलंय? त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, त्या वेळात पाणी कुठे जातं?

सगळा वर्ग ऐकत होता. खरं उत्तर दिलं असतं तर कदाचित पहिला नंबर आला असता.

“वाया जातं, सर,” मी म्हटलं, आणि त्यांनी माझे दहा गुण कापले.